रिकाम्या हॉलची चाचणी

"अहो, हे तुमचं आहे का? मघापासून माझ्या मागे लागलंय."

तिने वर पाहिलं. प्रयोगशाळेच्या दारात एक उंच तरुण उभा होता आणि तिचा एक रोबो त्याच्या बुटाला लाडाने डोकं घासत होता. अंग डब्याच्या झाकणाचं, चाकं ताईच्या मुलाच्या मोडक्या गाडीची, वर एक सेन्सर.

"खिशात काय आहे?" तिने विचारलं.

"ओळख नाही, पाळख नाही… थेट झडती?"

"एकटा पडला की तो जोरदार सिग्नलकडे जातो. काय आहे खिशात?"

त्याने बोटाएवढा ट्रान्समीटर काढला. शेजारच्या रेडिओ विभागातला. बंद करायचा राहिला होता.

"मला वाटलं, माझ्यातच काही आकर्षण असेल."

"असेलही. त्याला दिसलं नाही," ती म्हणाली आणि उगाचच स्क्रू शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी तो अँटेना जोडून द्यायला आला. तिसऱ्या दिवशी त्याने कारणच सांगितलं नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. स्वस्तात बनवलेले असे आठ रोबो मोठ्या हॉलमध्ये सोडायचे. शेजारच्या रोबोचा सिग्नल ठरलेल्या पातळीपर्यंत क्षीण झाला की प्रत्येकाने थांबायचं. मग हॉलभर सेन्सरांचं जाळं तयार. सरांनी मात्र बजावलं होतं, "प्रात्यक्षिकात जाळं तुटलं, तर पुढच्या कामासाठी तयार रोबो विकत आणू." म्हणजे तिची सगळी मेहनत कपाटात.

संध्याकाळी चाचण्या चालत. हॉलच्या मधोमध ती लॅपटॉप घेऊन, तो तिला खेटून.

"जरा सरका ना, पडदा दिसत नाही."

"सरकलो तर मी दिसणार नाही."

घरी ताई म्हणाली, "काल जेवताना तू रोबोंपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोललीस."

"कामाचा माणूस आहे गं."

"हो ना, कामाचंच सांगत होतीस. हसला की एकाच गालाला खळी पडते म्हणून!"

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो शहाण्यासारखा मागच्या बाकावर जाऊन बसला. "आजचा दिवस तुमचा."

रोबो निघाले, पसरले… आणि पसरतच राहिले. कोपऱ्यातल्या दोघांचा संपर्क तुटला, त्यांचे ठिपके पडद्यावर लाल झाले.

"तुटलं जाळं," सर म्हणाले.

तिने बॅटऱ्या पाहिल्या, चाकं पाहिली. सगळं ठीक. मग तिची नजर शेजारच्या मोकळ्या जागेवर गेली — आणि तिचे कानच तापले. माणसाचं शरीर सिग्नल अडवतं, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी एकही चाचणी तिने त्याच्याशिवाय घेतली नव्हती. थांबायची पातळी बसवली होती ती त्याने अडवलेल्या सिग्नलवर! आज अडवायला तो नव्हता, म्हणून रोबो लांब गेले होते.

बॅटरीवर ढकलता आलं असतं. सरांनी तेही मानलं असतं.

"एक मिनिट, सर." ती मागे वळली. "तू… इकडे ये. माझ्या शेजारी उभा राहा."

अख्खा हॉल वळून बघू लागला. तो आला. रोबो पुन्हा सोडले. आठही ठिपके हिरवे राहिले.

"हा काय जादूटोणा?"

"माझी चूक आहे, सर. सगळ्या चाचण्या याला शेजारी उभं करून घेतल्या. रिकाम्या हॉलमध्ये पुन्हा घ्याव्या लागतील."

सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "रोबो चांगले आहेत, तेच ठेवू. पण रिकामा म्हणजे रिकामा हं!"

सगळे गेल्यावर दोघं रोबो खोक्यात भरू लागले.

"म्हणजे उद्यापासून मी हॉलबाहेर?"

"हो."

"माझी गरज संपली तर."

"रोबोंपुरती… हो."

तो थांबला. ती खोक्यातच बघत होती.

"मला आहे," ती म्हणाली. "रोज. आता घाबरवू नकोस, काहीतरी बोल."

"दाराबाहेर बाक आहे ना?"

"आहे."

"मग मी तिथे बसतो. तुझी चाचणी होईपर्यंत."

खोक्याचं एक टोक तिने उचललं, दुसरं त्याने. दार अरुंद होतं. आधी जायला दोघंही तयार नव्हते, म्हणून खोकं तिरकं धरून, खांद्याला खांदा घासत, दोघं एकदमच बाहेर पडले.