तळपायावर टिचकी

चेहरा तिनं नंतर पाहिला. आधी पाहिले ते त्याचे पाय.

आणि नुसते पाहिले असते तरी चाललं असतं... पण कायसानं पहिल्याच दिवशी त्या पायांना हात लावला! चुकून हो. पण थंडर बे या बंदराच्या गावातल्या त्या पोहण्याच्या तलावात ही चूक काही साधीसुधी नव्हे. तिथं एका लेनमध्ये चार-पाच जण एकामागोमाग पोहतात आणि पाण्यात तोंड उघडून "जरा सरका" म्हणायची सोय नसते. म्हणून मागच्याला पुढे जायचं असेल तर त्यानं पुढच्याच्या तळपायावर बोटानं टिचकी मारायची. टिचकी बसली की पुढच्यानं भिंतीशी थांबायचं, उजव्या कोपऱ्यात सरकायचं आणि वाट द्यायची. कुरकुर करायची नाही. नियम म्हणजे नियम.

कायसा बिचारीला यातलं काय ठाऊक? दातांच्या दवाखान्यात दिवसभर वाकून तिची पाठ धरली होती, जिना चढताना धाप लागायची. पोहलीस तर सुधारशील, असं कुणीसं सांगितलं म्हणून ती आली होती. भिंतीशी पोचली तर एक उंच माणूस कोपऱ्यात अंग चोरून उभा.

"जा ना," तो म्हणाला.

"कुठे?"

"पुढे. टिचकी मारलीत ना तुम्ही?"

"मी? नाही हो... भिंतीवरून निघताना हात लागला. चुकून."

"चुकून!" त्यानं गॉगल कपाळावर सरकवला. डोळे राखाडी, भोवती गॉगलचे लालसर वळ. "अहो, या लेनमध्ये मला आजवर कुणी टिचकी मारलेली नाही. निदान मुद्दाम मारली असं तरी म्हणा. माझी थोडी अब्रू राहील."

"बरं... मुद्दाम मारली."

"मग व्हा पुढे!"

"पण माझ्यात तेवढा दमच नाही," कायसा म्हणाली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. तोही हसला. तेवढ्यात काठावरून शिट्टी वाजली. सत्तरी ओलांडलेली त्यांची कोच, मर्ना, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ओरेस्ट! गप्पा छाटायच्या तर सौनाच्या वाफेत जाऊन छाट! पाणी गार होतंय!"

ओरेस्ट बंदरावर काम करायचा. धान्याच्या बोटी हिवाळ्यात सरोवराच्या बर्फात अडकून पडतात, तेव्हा त्यांची इंजिनं खोलून दुरुस्त करणारा तो. कितीही पोहला तरी त्याच्या हातांचा तेलाचा वास जायचा नाही.

"माझ्या पायांमागे राहत जा," त्यानं तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "पुढचा पाणी कापतो, मागच्याला सोपं जातं."

मग काय, कायसा राहिली त्याच्या पायांमागे. त्याच्या पायांनी उठवलेले बुडबुडे तिच्या गालांना लागायचे, गुदगुल्या करत मानेवरून जायचे. डाव्या टाचेवर जुन्या जखमेचा एक पांढरा व्रण होता, त्यावर डोळे ठेवून ती पोहायची. तिची पाठ सुटली, धाप गेली, दंड घट्ट झाले. आणि त्या दोघांमधलं अहो-जाहो कधी गळून पडलं, ते काही कळलं नाही.

शनिवारी पोहणं झालं की सगळी मंडळी कायसाच्या फिनिश लोकांच्या खानावळीत ताटाएवढी पातळ धिरडी खायला जमायची. जगभर माणसं वय लपवतात, पण ही मंडळी म्हातारं व्हायला टपलेली! कारण त्यांच्या स्पर्धा वयोगटांच्या असतात. दर पाच वर्षांनी गट बदलतो आणि नव्या गटात सगळ्यात तरुण असतो त्याची चैन. म्हणून इथं पन्नाशी लागली की लोक अभिनंदन करतात, साठी लागली की मिठ्या मारतात.

"मला पंचेचाळीस लागू देत फक्त," ओरेस्ट सिरप ओतत म्हणायचा. "मग बघा. गटात सगळ्यात कोवळा मी!"

"कोवळा?" कायसा म्हणाली. "आरशात बघितलंस का कधी?"

"मी कशाला बघू? तू बघतेस ना."

"मी तुझे पाय बघते फक्त."

"अस्सं! तुम्हा फिनिश लोकांत मुलगा पायांवरून पसंत करतात वाटतं?"

सगळं टेबल खो खो हसलं. कायसाची बाही सिरपात बुडाली, आणि तिचे कान जे तापले ते बाहेरच्या गारठ्यातही निवेनात.

बाहेर तिच्या ओल्या केसांचा बर्फ झाला होता. "थांब," म्हणत त्यानं एक बट चिमटीत धरली, आणि बर्फ कट् करून मोडला.

"अरे, केस मोडतील!"

"मोडले तर जोडून देईन. इंजिनं जोडतो मी." त्यानं आपली लोकरीची टोपी काढली आणि तिच्या कानांवर ओढून बसवली. बोटं क्षणभर तिच्या गालापाशी रेंगाळली... मग तो घाईघाईनं आपल्या ट्रककडे गेला. टोपी तिनं परत केली नाही. त्यानंही मागितली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी तिची बोटं त्याच्या टाचेला लागता लागता राहिली. कायसा हरखली! आपण एवढ्या वेगानं पोहायला लागलो? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी. मग तिनं नीट पाहिलं, आणि मनात पाल चुकचुकली. ती वेगानं पोहत नव्हती. तो हळू झाला होता. त्याचं डावं पाऊल ओल्या मोज्यासारखं लोंबत होतं आणि उजवा पाय एकटाच दोघांचं काम करत होता.

टिचकी मारायची की नाही? नियमानं मारायला हवी होती. पण मारली असती तर त्याला कळलं असतं... कायसानं हात आखडले, वेग कमी केला आणि वीतभर मागे राहिली. त्या दिवशी, आणि पुढे रोजच.

मर्नाच्या डोळ्यांतून काय सुटतंय! एका सकाळी तिनं कायसाला शॉवरपाशी गाठलं.

"किती दिवस ब्रेक दाबून पोहणार आहेस गं?"

"दम लागतो हो, मर्ना."

"मला शिकवतेस? हे केस काय पाण्यानं पांढरे झालेत?" मग तिचा आवाज उतरला. "त्याला सांग, पोरी. मागच्याला दिसतं ते पुढच्याला कसं दिसणार?"

सौनात त्या दिवशी दोघंच होती. लाकडी बाकावर वाफेत त्याचे पाय शेजारी शेजारी टेकलेले.

"ओरेस्ट... तुझा डावा पाय."

"का? आता एकेक करून पसंत करतेस?"

"तो हलत नाही रे पाण्यात."

तो हसला. पाऊल उचलून दाखवायला गेला. पाऊल उठलं, पण उशिरा आणि अर्धंच. तो त्याकडे बघत राहिला.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"आणि तू टिचकी मारली नाहीस. पुढे जाऊ शकत होतीस?"

"...हो."

त्यानं टॉवेल उचलला आणि तो दार उघडून निघून गेला.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात एवढंच होतं, की नसा वाळत चालल्यात. आधी पाय, मग हात, मग श्वास. औषध नाही. ओरेस्टनं तलावावर येणं सोडलं, फोन उचलणं सोडलं. कायसा आठवडाभर रिकाम्या पाण्यामागे पोहली, आणि मग सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो पायरीवर बसून बुटाची नाडी सोडवत होता. बोटांना ती गाठ सुटत नव्हती.

"दया करायला आलीस?" त्यानं वर न बघता विचारलं. "इतके दिवस पाण्यात केलीस, आता घरी येऊन कर."

"दया?" कायसाचा तोल गेला. "दया करायची असती तर दोन गोड शब्द बोलून पुढे निघून गेले असते! मी मागे राहिले, कारण मला तुझ्यामागे राहायचं होतं. आवडतोस तू मला! पहिल्या दिवसापासून. कळलं का, मूर्खा?"

बंदरावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. त्यानं हातातली नाडी सोडून दिली.

"मला म्हातारं व्हायचं होतं गं," तो म्हणाला. "पंचेचाळीस, पन्नास, साठ... मर्नासारखं काठावर उभं राहून लोकांवर ओरडायचं होतं. तुझ्यावरसुद्धा."

कायसा खाली बसली. तिनं त्याचा बूट मांडीवर घेतला आणि नाडीची गाठ सोडवली. तोवर दोघंही रडत होती.

उन्हाळ्यात ती त्याच्या घरी राहायला आली. सकाळी दोघं सगळ्यात संथ लेनमध्ये उतरायची. आधी तो हातांच्या जोरावर पोहायचा, पुढे नुसता उताणा तरंगायचा आणि ती त्याचं डोकं तळहातावर धरून उभी राहायची. एकदा तसाच तरंगताना तो म्हणाला, "हिवाळ्यात प्रांताच्या स्पर्धा आहेत. तू उतरायचंस. लांब पल्ल्याला."

"तू येशील बघायला?"

"येईन. आणि काठावरून ओरडेन."

हे त्याला जमायचं नव्हतं. बर्फ पडायला लागला तोवर त्याचं अंथरूण बंदराकडच्या खिडकीशी गेलं होतं, आणि बोलताना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. स्पर्धेला निघायच्या सकाळी कायसाची पिशवी दाराशी भरलेली होती, मर्ना बाहेर गाडीत बसली होती, आणि कायसा पलंगाच्या पायथ्याशी बसून त्याचे पाय चोळत होती.

"नाही जात मी," ती म्हणाली. "तुला सोडून कुठं जाऊ?"

त्यानं मान हलवली. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला.

"टिचकी... मार."

"नाही हं, ओरेस्ट. मला पुढे जायचंच नाही. मी तुझ्यामागेच बरी आहे."

"मार गं." त्याच्या डोळ्यांत तेच जुनं हसू होतं. "थांबलोय ना... मी... भिंतीशी."

कायसानं त्याचं डावं पाऊल ओंजळीत घेतलं, पांढऱ्या व्रणावर ओठ टेकवले. मग डोळे मिटून तिनं उजव्या तळपायावर बोटानं हलकेच टिचकी मारली.

त्या पायात थोडा जीव उरला होता. ओरेस्टनं दात आवळले, कपाळावरची शीर उठली... आणि चादरीवरून तो पाय सरकला. बोटभर. उजवीकडे. कोपऱ्याकडे.

कायसा गेली. पोहली आणि जिंकलीसुद्धा. पदक आणून तिनं त्याच्या उशाशी ठेवलं. तो म्हणाला, "आता... धिरडी." तिनं सिरपात बोट बुडवून त्याच्या जिभेला लावलं.

बर्फ फुटून पहिली बोट बंदरात आली, त्या आठवड्यात तो गेला. पंचेचाळीस त्याला लागले नाहीत.

आता त्या लेनमध्ये सगळ्यात पुढे कायसा असते. मागचे तिच्या पायांकडे बघत पोहतात आणि अजून कुणी तिला टिचकी मारलेली नाही. पण दर सकाळी, पहिली फेरी झाली की ती भिंतीशी थांबते, उजव्या कोपऱ्यात सरकते आणि शेजारी एका माणसापुरती जागा ठेवते. नव्या लोकांना वाटतं, दम लागला असेल.

मर्ना काठावरून सगळं बघते. थोडा वेळ जाऊ देते, डोळे पुसते, आणि मग शिट्टी फुंकून ओरडते, "कायसा! पाणी गार होतंय!"

आणि कायसा पुढे निघते.