तुझी जागा धरलीये

ए, हसायचं नाही हां. शप्पथ घेऊन सांगतेय, यातलं अक्षरही पदरचं नाही.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार. चार वाजून दहा मिनिटं. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते.

माझा दादा तुम्हाला आठवतोय ना? आठ महिने झाले त्याला जाऊन.

आमचा एक करार होता. फिरायला गेलो की एक ठिकाण त्याचं, एक माझं. त्याला जुने किल्ले, तुरुंग, पडके बुरूज. मला पोटात गोळा आणणाऱ्या राईड्स. वहीत यादीच होती. त्याच्या रकान्यावर मी लिहिलं होतं, ‘पायदुखी’. माझ्या रकान्यावर त्याने, ‘ओकारी’.

शेवटची ओळ तेवढी राहिली होती. एक किल्ला, आणि त्याच्या पायथ्याच्या पार्कमधलं रोलर कोस्टर.

आई म्हणाली, "एकटी कशाला जातेस गं?"

म्हटलं, "एकटी कुठे, वही आहे की सोबत."

तर आधी किल्ला. खाली कैद्यांची कोठडी होती. चोवीस पायऱ्या. दादा असता तर मोजायला लावल्याच असत्या, म्हणून मोजल्या.

आत कोणीच नव्हतं. भिंतीत एक गंजलेली कडी. बस्स. दादा इथे तासभर बडबडला असता आणि मी जांभया दिल्या असत्या. आता कान देऊन उभी होते, तर बोलायला कोणी नाही.

रडूच आलं यार.

निघाले. आणि सवयीने तोंडातून गेलं... कुठूनही निघताना जो पुढे असेल तो ओरडायचा, अशी आमची पद्धत. मी ओरडले, "चल रे, तुझी जागा धरलीये!"

आवाज घुमला... विरला.

मग मागे एक पायरी वाजली.

मी थांबले. तीही थांबली.

वर रखवालदार काका जाळीचं दार धरून उभे. मी बाहेर आले तरी दार लावेनात.

"लावा ना काका. मागे कोणी नाही."

काका आत बघत राहिले... आणि मग बाजूला सरकले. आपण कोणाला वाट देतो ना, तसे.

मला वाटलं, म्हातारा फिरकी घेतोय. पण खाली पार्कात येईपर्यंत मी एकदाही मागे वळले नाही.

राईडवर मी एकटीच. आडवा वार, कोण येणार? तिसऱ्या रांगेत बसले. आमची ठरलेली. दोघांत मिळून एकच दांडा असतो बघा, मांडीवर येणारा? राईडवाल्याने बटण दाबून तो खाली आणला.

दांडा आला... आणि माझ्या मांडीपासून वीतभर वर थांबला.

त्याने जोर लावला. हलेना.

"शेजारी जाड माणूस असला की असा अडतो," तो म्हणाला. मग शेजारी बघितलं. मग माझ्याकडे. "ताई, उतरा तुम्ही."

"अहो, पण मला हीच राईड..."

"उतरा म्हणतो ना!"

उतरले. तो म्हणाला, बिघाड असेल, रिकामी फेरी मारून बघतो. बटण दाबलं. सगळे दांडे खाली आले, सीटला टेकले.

तिसऱ्या रांगेतला... अर्ध्यावर थांबला.

गाडी गेली. चढली, पडली, उलटी झाली. आम्ही दोघं फलाटावरून बघत होतो. रिकाम्या गाडीचा आवाज एवढा भकास असतो, मला माहीतच नव्हतं.

परत आली तेव्हा तिसऱ्या रांगेतला दांडाही सीटला टेकलेला होता.

म्हणजे जे बसलं होतं, ते वाटेतच उतरलं होतं.

राईडवाल्याने तिथल्या तिथे साखळी लावली. "घरी जा," एवढंच म्हणाला.

घरी सांगितलं तर आई रडली. पण हसून. म्हणाली, "दादाच असणार तुझा. बहिणीला एकटं कसा सोडेल?"

मी हो म्हटलं.

पण अरे, तुम्ही बघितलाय ना दादाला? काडी पैलवान! शेवटी शेवटी तर पंचेचाळीस किलोसुद्धा नव्हता. आमच्या दोघांत दांडा नेहमी माझ्या मांडीवर टेकायचा. तो चिडवायचा त्यावरून, "खा अजून!"

त्या कोठडीत मी नुसतंच ‘चल रे’ म्हटलं.

नाव कुठे घेतलं होतं?

बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली की मी तिथे बॅग ठेवते. आधी दादासाठी ठेवायचे. आता कोणी बसू नये म्हणून.

परवा डुलकी लागली. जाग आली, तर बॅग माझ्या मांडीवर होती.

नीट, सरळ ठेवलेली.