करून पाहिलं

दादाने एकूण एक्केचाळीस प्रोग्रॅम लिहिले, सगळे फुकट. तो पाणीपुरवठा खात्याच्या कार्यालयात नकाशे सांभाळायचा. प्रोग्रॅम हा घरी आल्यावरचा उद्योग. इंटरनेटवर त्याचं एक साधं पान होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चित्र एकही नाही. कुठल्याही तारखेचा वार सांगणारा प्रोग्रॅम, पडद्यावर ठेवून मोजायची पट्टी, शेकडो फोटोंना एका दमात नावं देणारा, टाकी किती वेळात भरेल ते सांगणारा. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या छापणारा एक होता. तो वहिनींनी एकदाच वापरला आणि पुन्हा हाताने लिहायला लागल्या.

पानावर प्रत्येक प्रोग्रॅमखाली, आणि प्रोग्रॅमच्या आतही, बदलांची नोंद असायची. तारीख, काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून. ‘बटण उजवीकडे नेलं. एका नर्सच्या सांगण्यावरून. करून पाहिलं.’ शेवटचे दोन शब्द प्रत्येक नोंदीत असत. स्वतः करून पाहिल्याशिवाय तो पानावर काही चढवत नसे. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दोन ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय ओळ पुढे सोडत नाही. आम्हा भावांत साम्य म्हणावं तर एवढंच. तो मला ‘धाकटा’ म्हणायचा, चारचौघांतसुद्धा.

दादा गेला त्याला अकरा महिने झाले. कार्यालयातच, दुपारच्या सुट्टीआधी, नकाशांच्या कपाटासमोर.

गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला.

“काका, आईला तुम्हीच समजवा. चौथा मजला, लिफ्ट नाही, डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत. परवा दुसऱ्या मजल्यावर चक्कर येऊन पायरीवर बसली होती. माझ्याकडे खोली तयार आहे. पण ती घर सोडायचं नाव काढत नाही.”

“का म्हणते?”

“तेच तर सांगत नाही ना.”

दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊला तिथे होतो. वहिनींनी चहा केला, पण स्वतःचा कप झाकून ठेवला. आम्ही दादाच्या खोलीत बसलो. टेबल, जुना कॉम्प्युटर, उशी बसून गेलेली खुर्ची. खुर्चीत त्या बसल्या नाहीत. शेजारी स्टूल घेतलं.

नऊ वाजता पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट उघडली. ‘खुशाल आहात?’ खाली एकच बटण: ‘हो’.

हा दादाचा एक्केचाळिसावा प्रोग्रॅम, शेवटचा. नाव ‘खुशाली’. सात वर्षांपूर्वी वहिनी सकाळी न्हाणीघरात घसरल्या आणि दादा संध्याकाळी येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. त्यानंतर त्याने हा लिहिला. रोज नऊला विचारणार. बारापर्यंत उत्तर आलं नाही तर आपण भरलेल्या पत्त्यावर ईमेल जाणार. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माणसांनी तो उतरवून घेतला होता.

वहिनींचा हात माऊसकडे गेला. मी म्हटलं, “थांबा. ईमेल कोणाला जातो आता?”

“ह्यांनाच.”

“तो पत्ता बदलायला हवा, वहिनी.”

“बदलला होता की मुलीने, स्वतःचा घातला. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा ह्यांचा.”

तिने बदल जतन केला नसेल, असं मी म्हणालो. मग बदलांची नोंद उघडली. एक ओळ माझ्या ओळखीची होती: ‘निरोप गेला की मदत किती मिनिटांत पोहोचेल ते दिसेल. हिच्या सांगण्यावरून. करून पाहिलं.’

“पडल्या पडल्या निदान कोणी येतंय हे तरी कळावं, म्हटलं होतं मी,” वहिनी म्हणाल्या. “मग ह्यांनी स्वतः करून पाहिलं. मला म्हणाले, आज दाबू नकोस. कार्यालयातून निघाले ते पंचवीस मिनिटांत धापा टाकत दारात. म्हटलं, अहो, अशाने मला नाही, तुम्हालाच मदत लागेल.”

त्या हसल्या. मी पुढची ओळ वाचत होतो.

‘अक्षरं मोठी केली. हिच्या सांगण्यावरून. करून पाहिलं.’

तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून मी ते फोनशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. पुतणी दातांची डॉक्टर. तिला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही. दादाचा पासवर्ड तिलाही ठाऊक नव्हता, मलाही नाही.

“मोतीबिंदू काढला ना माझा, तेव्हाची गोष्ट,” वहिनी म्हणाल्या. “ती बारीक अक्षरं दिसेनात. म्हणून म्हटलं.”

“कोणाला म्हटलं?”

“म्हटलं आपलं. खुर्चीकडे बघून.”

खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला, बंद केला. मी विचारलं, “म्हणून तुम्ही जात नाही का?”

वहिनींनी पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

“भाऊजी, मी गेले तर इथे बटण कोण दाबणार? बारा वाजतील. निरोप जाईल. हे चार मजले चढून येतील आणि दाराला कुलूप. कुठे शोधतील मला?”

यावर वाद घालण्यापेक्षा पुरावा दाखवणं सोपं, असं मला वाटलं.

“आज दाबू नका,” मी म्हणालो. “बारा वाजू देत. काही होणार नाही, तुम्ही स्वतःच बघाल. मग आपण सामान बांधू.”

त्यांनी स्टूल टेबलापासून जरा मागे सरकवलं.

“तुम्ही थांबणार?”

“थांबतो.”

“मग ठीक आहे. पण दार मी उघडायची नाही.”

दहा वाजले. झाकलेला चहा गार झाला, वहिनींनी तो घेतला नाही. अकराला त्या डाळ निवडायला स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा मी कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून खिशात ठेवली. निरोप जाण्याची शक्यताच मिटवली. ही लबाडी होती, पण ‘निरोप गेला’ असं त्यांना दिसू नये एवढाच माझा हेतू होता.

बाराला त्या डाळीचं ताट घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या.

चौकट बदलली.

‘निरोप गेला. पंचवीस मिनिटांत पोहोचतो.’ खाली ‘हो’ तसंच होतं.

वायर माझ्या खिशात होती. वायर नसेल तर चूक दाखवणारा संदेश यायला हवा होता. तसा संदेश दादाने लिहून ठेवला होता. मीच एकदा त्यातलं शुद्धलेखन सुधारलं होतं.

वहिनी डाळ निवडत राहिल्या. खडे ताटाच्या कडेला सरकवत होत्या. मी पडद्यावरचं घड्याळ बघत होतो.

बारा वाजून तेवीस मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली.

इमारतीत पाच मजले, पंधरा घरं. कोणीही असू शकेल.

दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. दादा तिथे थांबून पिशवीचा हात बदलायचा.

पुन्हा निघाली.

वहिनींचे हात ताटात थांबले होते.

बारा पंचवीस. बेल वाजली. एकदाच, आखूड.

“जा,” वहिनी म्हणाल्या.

मी दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला. पलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं, जिने चढून आलेल्या वयस्क माणसासारखं.

कडी मी काढली नाही.

मागून माऊसचा टक्क असा आवाज आला. वहिनींनी ‘हो’ दाबलं होतं.

दारापलीकडची धाप हळूहळू बसली. पावलं वळली आणि जिना उतरून गेली. या वेळी मध्ये कुठे थांबली नाहीत.

मी परत येऊन खुर्चीत बसणार होतो, उभाच राहिलो.

“दर वेळी असंच होतं?”

“दर वेळी म्हणजे?” वहिनी म्हणाल्या. “हे गेल्यापासून मी एकदाही चुकले नाही. आज पहिल्यांदाच.” त्यांनी डोळे पुसले. “बिचारे उगाच दमले.”

त्या दुपारी मी त्यांना शब्द दिला. कॉम्प्युटर माझ्या घरी नेईन, रोज नऊला बटण मी दाबीन.

“रोज?”

“रोज.”

“रात्रपाळी करून आलात तरी? तुमची झोप मला ठाऊक आहे.”

“तरी.”

त्या रविवारी वहिनी लेकीकडे राहायला गेल्या. आता खालच्या अंगणात फेऱ्या मारतात, म्हणे. झोप लागते.

कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आहे. पहिल्याच दिवशी मी पत्त्याचा रकाना रिकामा केला, मिनिटांचाही. इंटरनेटची वायर जोडलेली नाही. बटण मात्र रोज दाबतो. शब्द दिलाय म्हणून, असं बायकोला सांगितलंय.

आज नऊला ‘हो’ दाबल्यावर सहज बदलांची नोंद उघडली. तळाशी एक नवी ओळ होती, कालच्या तारखेची.

‘पंचवीस मिनिटांची सत्तर केली. धाकट्याचं घर लांब. चालून पाहिलं.’