विसरलेलं ‘नाही’

पुतणीचा फोन आला तेव्हा काका जेवायला बसत होते. “काका, आमचा नेम सर्व्हर कोलमडला. रुग्णवाहिका बोलावायची यंत्रणा चाळीस मिनिटं ठप्प. एक म्हातारे गेले. खापर माझ्यावर फुटलंय.”

काकांची अख्खी नोकरी अशाच यंत्रांपाशी गेली होती. नाव विचारलं की पत्ता सांगायचा, एवढंच त्या सर्व्हरचं काम. ताट तसंच ठेवून ते तडक तिच्या कचेरीत गेले.

तिचे साहेब खुर्चीत रेलून बसले होते. “पोरीनं सकाळी नवा प्रोटोकॉल, म्हणजे पत्ते लिहायची नवी पद्धत, चालू केला. आता प्रत्येक यंत्र दोनदा विचारतं. जुना पत्ता काय? नवा पत्ता काय? भार दुप्पट झाला, सर्व्हर आडवा.”

“दुसरं काही बदललं?”

“छे. बारा वर्षं सर्व्हरची मांडणी माझ्या हातची आहे. नवीन नाव जोडलं की क्षणात सगळीकडे दिसतं. इतरांसारखं तासभर ताटकळत बसावं लागत नाही.”

काकांनी नोंदी उघडल्या. विचारणा दुप्पट कसल्या, वीसपट होत्या. जुना पत्ता एकदा विचारून यंत्रं गप्प बसत होती. नवा पत्ता मात्र तीच यंत्रं दर सेकंदाला विचारत होती, आणि दर वेळी उत्तर एकच: नाही. काकांनी मांडणीतला एक आकडा पाहिला आणि खुर्ची साहेबांकडे वळवली.

“प्रोटोकॉलनं फक्त दुप्पट केलं असतं, आणि तेवढं सर्व्हरनं सहज पेललं असतं. ‘नाही’ हे उत्तरही लक्षात ठेवायचं असतं, साहेब. किती वेळ, ते मांडणीत लिहितात. इथे शून्य लिहिलंय. म्हणजे ‘नाही’ ऐका, विसरा, पुन्हा विचारा. नवा पत्ता अजून कोणत्याच नावाला दिलेला नव्हता, म्हणून सगळे विचारतच राहिले. शून्य कोणी लिहिलं, ते तुमच्याच तोंडून आलं. तुमची नवीन नावं क्षणात दिसतात, कारण आधीचं ‘नाही’ कोणी लक्षातच ठेवत नाही. तासभर थांबायचा कंटाळा, दुसरं काय?”

साहेबांचा चेहरा पडला, पण आवाज पडला नाही. “बारा वर्षं शून्यच होतं. मेलं का कोणी?”

“आज मेलं.”

“चौकशी माझ्याकडेच आहे. आणि ती संपलीय.”

काका बाहेर धावले. पुतणी जिन्यात बसली होती. त्यांनी सगळं भडाभडा सांगितलं.

“शून्य त्यांचं, काका. पण ते न बघता चालू मी केलं ना?”

“तुझा दोष नाही, बाळा. लेखी देऊ आपण.”

“मी दिलंय लेखी. तासाभरापूर्वी. चूक माझी एकटीची, म्हणून.” तिनं डोळे पुसले. “साहेब म्हणाले, सही केलीस तर पोलिसांपर्यंत जाणार नाही. मला वाटलं, भला माणूस आहे.”

काका तिच्या शेजारी मटकन बसले. खाली गाडी थांबली होती आणि दोन पोलीस जिना चढत होते.