हिरव्या लॉरीचा रेग्युलेटर

"फट्!"

"गेला! तिसरा बल्ब गेला!" लखमा ओरडला.

राघोमामाने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. बॅटरीतून आंबूस वाफ येत होती. पारूने नाक धरलं.

"मामा, ही बॅटरी आहे का भाताचं आधण?"

"गप बस गो! हसू नको!" मामा म्हणाला, पण त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि भाऊबीज परवावर आली होती. युद्धाआधी दर भाऊबीजेला मामाची ही हिरवी लॉरी शहापुरातून निघायची. मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्यापर्यंत जायची आणि सासरी गेलेल्या शहापूरच्या लेकींना वाटेवरून गोळा करून माहेरी आणायची. हौद्यात पसरलेल्या पेंढ्यावर बसून लेकी गाणी म्हणायच्या. चढावर लॉरी धापा टाकायची, पण घाई कुणालाच नसायची. मग पेट्रोल मिळेनासं झालं आणि रस्त्यावरची ती गाणीही थांबली.

यंदा पुन्हा जायचं ठरलं होतं. लखमा आणि पारूची थोरली बहीण सकूताई वैशाखऱ्याला दिली होती. चार वर्षांत ती एकदाच आली होती, तीही दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून. तिने निरोप धाडला होता, "भाऊबीजेला सकाळपासून फाट्यावर बसते. विसरू नका."

"जायचं ना, मामा?" लखमाने विचारलं.

"कसा जाऊ? येताना अंधार पडतो. बत्ती नाय, बॅटरी उकळते. बायापोरांना अशा गाडीत बसवू व्हय?"

दोष रेग्युलेटरचा होता, असं मामाचं म्हणणं. डायनामोतून येणाऱ्या विजेला लगाम घालणारी ती लहानशी लोखंडी पेटी. जुन्या लॉरीला नवी पेटी कुठे मिळणार? बाजारातला गणू मिस्त्री लष्कराचं भंगार आणायचा. मामाने मूळची पेटी त्याला देऊन दुसरी घेतली. तीही बिघडली. ती देऊन आज तिसरी आणली होती.

"अगदी नवीकोरी! मिलिटरीची!" गणू मिस्त्री म्हणाला होता.

पारू त्या काळ्याकुळकुळीत पेटीवरून बोट फिरवत होती. एकदम ती थांबली.

"लखमा, इथे पुटकुळ्या आहेत बघ. तीन."

तिने नखाने रंग खरवडला. काळ्याखाली हिरवा रंग निघाला आणि हिरव्यातून निघाला तांदळाचा दाणा, कुंकवाने लालसर झालेला!

"अरे! मिलिटरीवाले दसऱ्याला पूजा करतात वाटतं!" लखमा म्हणाला.

"येड्या, ही माझी अक्षता आहे! दसऱ्याला मीच तर पूजा केली. रंग ओला होता, दाणे चिकटून बसले. मामा, ही आपलीच पेटी आहे!"

मामा ताडकन उठला. "त्या गण्याचे कान उपटतो!"

"थांबा मामा, आमी जातो," असं म्हणत तानी पुढे आली. ती वरच्या पाड्यावरची, पारूच्या वर्गातली. गवताचा भारा उतरवून, हातात विळा घेऊन ती केव्हाची सगळं बघत होती. "तुमी गेलात तर भांडण होईल. आमी गेलो तर तो बोलेल."

लखमा, पारू आणि तानी बाजारात गेली आणि तसंच झालं. पारूने तळहातावरचा दाणा पुढे धरताच गणू मिस्त्रीचा चेहरा पडला.

"हां... म्हंजे... पेटी तुमचीच आहे. पण खराब नाय हो! देवाशप्पथ! एका लॉरीला लावून बघितली. पाय घासले, बसवली, झकास चालली! मग झाकणाला काळा रंग दिला, इतकंच."

"पाय कशाला घासले?" तानीने विचारलं.

"ऐका! लोखंडाला लोखंड लागायला नको? पेटीच्या पायांतूनच वीज गाडीच्या अंगात उतरते. मधे रंग असला तर लगाम सुटतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मिस्त्री, आमची गाडी कधी बघितली होती का?" पारू म्हणाली.

"गाडी? गाडी कशाला बघू? राघो पेटी मागायचा, मी पेटी द्यायचो."

तिघं धावत सुटली. मागून मिस्त्रीही चप्पल फटफटवत आला.

"मामा, लॉरी कधीपासून बिघडली?" लखमाने धापा टाकत विचारलं.

"दसऱ्यापासून."

"आणि दसऱ्याला रंग कुणी दिला?"

"मीच! सगळं सोडवून, आतल्या पत्र्यालासुद्धा दोन हात..." मामा बोलता बोलता थांबला.

"इंजिन चालू करा," तानी म्हणाली.

"एकच बल्ब उरलाय गो! तो गेला तर संपलं."

"नाय जाणार. हळू चालवा."

इंजिन घरघरलं. दिवा लागला. मामाने जरा वेग दिला तसा दिवा पांढराफटक होऊ लागला. आता फुटणार! तानीने विळ्याचं टोक पेटीच्या पायाला लावलं आणि विळ्याची पाठ इंजिनच्या बिनरंगाच्या बोल्टवर दाबली.

दिवा शांत झाला. पिवळा, मऊ, समईसारखा. तिने विळा उचलला, दिवा पुन्हा भडकला. विळा टेकवला, दिवा पुन्हा शांत!

"आयला!" गणू मिस्त्री एवढंच म्हणाला.

मग त्यानेच पेटी सोडवली. पेटीखालचा हिरवा पत्रा मुलांनी खरवडून, विटकरीच्या पुडीने घासून लख्ख केला.

भाऊबीजेला वैशाखऱ्याच्या फाट्यावर सकूताई गाठोड्यावर बसलेली होती. लॉरी दिसली तशी ती उठली, पण हात हलवायचं विसरून नुसती बघतच राहिली. परतताना टोकावड्यात दोघी चढल्या, मुरबाडात पाच. दिवेलागणीला मामाने बत्ती लावली. पिवळा उजेड रस्त्यावर पसरला आणि हौद्यात कुणीतरी युद्धाआधीचं गाणं हळूच सुरू केलं.

शहापुरात सकूताईने लखमाला ओवाळलं, मामाला ओवाळलं. मग मामा म्हणाला, "या पारू-तानीलाही ओवाळ. माझ्यासारख्या जुन्या ड्रायव्हरला जे दिसलं नाय, ते या पोरींनी बघितलं!"

गणू मिस्त्री दारात मान खाली घालून उभा होता. "माझ्या दुकानात या गो पोरींनो," तो पुटपुटला, "मला चार डोळे जास्त लागतील."

तबक घेऊन सकूताई लॉरीपाशी गेली. तिने बॉनेट उघडायला लावलं, अक्षता उचलल्या आणि पेटीजवळ नेलेला हात मागे घेतला.

"टाकू ना, मामा?"

"टाक गो," मामा हसला. "आता रंग वाळलाय."