एका किल्लीला एकच ऐवज

हेरंबच्या स्मृतिकोठारात चार हजार दोनशे सहा किल्ल्या होत्या. त्यांपैकी तीनशे अठरा चेहऱ्यांच्या, अकराशे वासांच्या, बाकीच्या आवाजांच्या आणि जागांच्या. अपघातानंतर त्याच्या मेंदूतून एवढंच उचलून कानामागच्या चकतीत ठेवता आलं होतं.

"घरच्या माणसानेच आज्ञा द्यायच्या, असा आमचा दंडक आहे," डॉ. इनामदार म्हणाल्या. "काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, बस. 'वाच' म्हटलं की किल्लीमागचा ऐवज दिसतो, 'लिही' म्हटलं की नवा बसतो."

हेरंबची बायको मृण्मयी वनस्पतिशास्त्रज्ञ होती. "म्हणजे आमच्या बियाणे-पेढीसारखंच की! बरणीवर चिठ्ठी, आत बी."

"तसंच. चेहरा ही चिठ्ठी. ऐवजात चेहरा नसतो, नुसते प्रसंग आणि त्यांची ओढ. आणि एका किल्लीला एकच ऐवज हं! नवा ओतलात की जुना कायमचा गेला. यंत्र 'नक्की ना?' असं विचारत नाही बाई, ते काही तुमच्या सासूबाई नाहीत."

डॉक्टर हसत फेरीवर गेल्या. मृण्मयीने पहिली आज्ञा दिली: वाच मृण्मयी.

चौदा प्रसंग. मेथीचा डबा. गॅसचा नंबर. गळका नळ.

मग तिला राहवलं नाही. वाच कादंबरी.

एकसष्ट! कादंबरी म्हणजे वेधशाळेतली त्याची सहकारी. धूमकेतू सापडल्यावर मारलेली आरोळी, एका शालीत दोघांनी काढलेली थंडी, तिचं हसणं. तेही तीनदा. मृण्मयीच्या अंगाचा तिळपापड झाला. सोळा वर्षं डबे मी भरले, आणि हसणं हिचं?

पुसून टाकावं? पण पुसलेल्या जागी पोकळी राहिली असती, आणि हेरंबला पोकळीचं कुतूहल फार. त्यापेक्षा तिथे आपणच जाऊन बसावं. त्या बयेचं तोंड दिसलं, की याला आठवावी मी! बी कुठल्याही बरणीत ठेवलं तरी उगवायचं तेच उगवतं.

तिने स्वतःच्या आठवणी उकरून काढल्या. दापोलीला लाटेने नेलेली चप्पल. टायफॉइडमध्ये त्याने भरवलेली पेज. गच्चीवर चोरून घेतलेला पहिला मुका. सगळं ओळीत टंकलं: लिही कादंबरी. पडद्यावर उमटलं, 'झालं.'

दुपारी कादंबरी शहाळं घेऊन भेटायला आली. मृण्मयी मुद्दाम पलंगापाशी उभी राहिली.

हेरंब उठून बसला. त्याने कादंबरीचा हात दोन्ही हातांत धरला.

"दापोलीला तुझी चप्पल वाहून गेली, तेव्हा किती रडली होतीस गं!"

"मी? अहो सर, मी दापोली पाहिलेलीसुद्धा नाही!"

"आणि त्या टायफॉइडमध्ये... मला वाटलं, तू जातेस आता." त्याचे डोळे भरून आले.

"हेरंब, ती मी होते," मृण्मयी म्हणाली. "अरे, मी!"

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, ओळखीच्याच नजरेने.

"इस्त्रीवाला येऊन गेला का गं?"

संध्याकाळी डॉ. इनामदारांनी दोन्ही चेहरे दाखवून त्याची ओढ मोजली. शंभरपैकी, कादंबरी: त्र्याण्णव. मृण्मयी: अकरा.