शालिग्रामचा दम

कंदिलाची वात जरा वर करा, मग सांगतो. हसायचंच असेल तर शेवटी हसा.

शहात्तर साल असेल. अकोल्याला पोहण्याच्या जिल्हा स्पर्धा होत्या आणि आमच्या मेडशीचा शालिग्राम त्यासाठी नुसता पेटला होता. तलाव नाही, मास्तर नाही. होती ती मळ्यातली विहीर. पहाटे तो सडकेनं धावून छाती तयार करायचा आणि दिवस कलला की विहिरीत दम कोंडायचा. मांडीवर दगड घेऊन तळाशी बसायचं, श्वास थोडा थोडा सोडायचा. कमरेला मोटेचा नाडा, त्याचं टोक धरून मी पायरीवर. बुडबुडे येताहेत तोवर गडी ठीक. थांबले की ओढायचं.

"आज घाई करू नको," तो म्हणाला. "मांगच्या खेपी उगाच ओढलं तू मले."

तो खाली गेला. बुडबुडे येऊ लागले, एकसारखे, संथ. मी खूश झालो. अकोला मारलंच म्हणायचं!

कपारीतले पारवे एकदम उडून गेले. पाणी काळं पडत चाललं. कुजक्या गाळाचा वास वर आला. बुडबुडे चालूच... माणसाला एवढा दम असतो? मी नाडा हिसडला. काही नाही. मग जीव खाऊन ओढला.

शालिग्राम वर आला तो ओठ निळे, डोळे उघडे. छाती हलत नव्हती. पायरीवर पालथा घालून मी रडत त्याची पाठ दाबली. किती वेळ, कोण जाणे. मग तो सावकाश उठून बसला.

"चाल घरी," म्हणाला.

खाली पाण्यात बुडबुडे अजून येत होते.

गाळातली हवा असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि त्याचा हात धरून पळत सुटलो. गावापर्यंत मला धाप लागली होती. त्याचा श्वास काही ऐकू आला नाही.

दारात त्याची आई, गोजराबाई, चिमणी घेऊन उभी होती. तिनं उजेड त्याच्या तोंडावर धरला आणि मागे सरली.

"हा कोन हाये रे?"

"माय... असं काहून करता? शालिग्राम हाये ना..."

तिनं माझं मनगट धरलं.

"माह्या लेकराले कुठी सोडून आला तू?"

तोवर तो आत जाऊन ताटावर बसला होता.